निवृत्तीनंतर सोलापूर सोडायचं तर: कोल्हापूर की मालगुंड?

सोलापुरात निवृत्ती जवळ आली की घरात दोन विषय हमखास निघतात. फंडाचे पैसे कुठे ठेवायचे आणि मे महिना कुठे काढायचा. दुसऱ्या विषयाचं हळूहळू ‘इथून हलूयाच का?’ होतं. पारा ४३च्या पुढे, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, मुलं परगावी. पुणं मी या तुलनेत धरलेलं नाही. तिथे जाणारे मुलांच्या मागे जातात, त्यांना निवड करायची नसते. ज्यांना ती आहे, त्यांचे माझ्या ओळखीत दोन बेत ऐकू येतात: कोल्हापूरसारखं विद्यापीठाचं गजबजलेलं शहर, नाहीतर कोकणात समुद्राकाठचं एखादं शांत गाव. रत्नागिरीजवळचं मालगुंड हे माझ्या बायकोचं माहेर आणि कोल्हापुरात राजारामपुरीत मावसबहीण राहते, म्हणून ही दोन ठिकाणं घेतो.

दोन्ही एकाच वाटेवर आहेत. सांगोला-मिरजवरून कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, सकाळी निघालं की दुपारचं जेवण तिथे. तोच महामार्ग पुढे आंबा घाट उतरून आणखी १३० किलोमीटरवर रत्नागिरीला जातो. तिथून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने २५ किलोमीटर गणपतीपुळे आणि त्याला लागून केशवसुतांचं मालगुंड. म्हणजे अख्खा दिवस. गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, यायचं असेल तर आधी ठरवून निघता येतं, पण कुणाची मयत असली तर मालगुंडहून वेळेत पोचणं अवघड.

हवेचं आधी बघा, कारण आपण पळतोय तेच मुळी हवेमुळे. किनाऱ्यावर मे महिन्यात पारा ३३-३४च्या पुढे फारसा जात नाही, हे ऐकून सोलापूरकराचा जीव सुखावतो. पण तिथे घाम वाळत नाही. आपला पाण्याचा कूलर चालतो तो कोरड्या हवेमुळे. दमट हवेत त्याचा उपयोग शून्य, उलट खोली ओली होते. आणि जून लागला की खरा हिशेब सुरू होतो. सोलापूरला वर्षभरात सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीला ३००० मिलिमीटरच्या वर, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सोलापुरी चादर धुतली तर वाळायला आठवडा लागतो. डब्यातली कडक भाकरी दोन दिवसांत मऊ पडते आणि शेंगाचटणीला खवट वास येतो (हे दुःख ज्याचं त्यालाच कळतं). बिजागऱ्या, गॅसची शेगडी, दुचाकी, सगळ्याला गंज. वादळवाऱ्यात झाड तारांवर पडलं की वायरमन येईपर्यंत अंधार. मासे खायला म्हणून जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा सुकटावर भागवावं लागतं. आणि इतक्या पावसानंतर एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात! त्यात मात्र आपल्याला कुणी काही शिकवायला नको. पिंपं भरून ठेवण्यात आपली हयात गेली.

मेहुणा मला स्पष्ट म्हणाला होता, “भावोजी, दिवाळीत बघून ठरवू नका. आषाढात येऊन राहा, मग बोलू.” या विषयावर याहून नेमका सल्ला मी ऐकलेला नाही.

कोल्हापूरची हवा मधली आहे. उन्हाळा सोलापूरपेक्षा सौम्य, पाऊस आपल्या दुपटीच्या आसपास. तिथला धोका नदीचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ साली नदी त्याच्याही बरीच वर गेली होती, २०१९ला पुणे-बंगळुरू महामार्गसुद्धा काही दिवस बंद राहिला. राजारामपुरी, सागरमाळ, विद्यापीठाकडचा भाग उंचावर आहे. नदीकडच्या बाजूला स्वस्त फ्लॅट मिळाला तर स्वस्त का आहे ते आधी पूररेषेच्या नकाशावर बघावं.

आता दवाखाना. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे, अलीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालंय. पण मालगुंडहून रात्री दोन वाजता, धो धो पावसात, रत्नागिरी गाठायला पाऊण-एक तास. दुखणं मोठं निघालं तर नातेवाइकांना बहुधा एकच शब्द ऐकायला मिळतो: कोल्हापूर. म्हणजे आंबा घाट चढून, दरड आली नसेल तर, आणखी अडीच-तीन तास. कोल्हापुरात राहणाऱ्याला तेच सीपीआर (तिथलं मोठं सरकारी रुग्णालय) आणि तेच हृदयरोगतज्ज्ञ रिक्षाच्या अंतरावर आहेत. मालगुंड निवडणारा माणूस कोल्हापूर टाळत नसतो, फक्त स्वतःच्या आणि त्याच्या मध्ये एक घाट ठेवत असतो. फुरसं हा विषारी साप चावण्याची भीती आपल्याकडचे लोक जास्त घेतात. संध्याकाळी बॅटरी आणि पायात बूट एवढं पाळलं तर ती बरीच कमी होते. छातीत दुखायला लागलं तर बॅटरी कामाला येत नाही.

शांततेचा भाव मात्र मालगुंडचाच वरचा. गणपतीपुळ्यात सुट्टीला आणि अंगारकीला गाड्यांची रांग लागते, पण ती गर्दी इकडे क्वचित वळते. अडचण वेगळी आहे. गावातली कित्येक घरं वर्षभर कुलूपबंद असतात आणि गणपती-शिमग्याला उघडतात. कामाच्या वयाची माणसं मुंबईला, मागे उरलेले शेजारी आपल्यापेक्षा म्हातारे. कोल्हापुरात उलट: विद्यापीठाच्या आसपास शेजारी विशी-बाविशीचे, पण दर दोन वर्षांनी नवे. दोन्हीकडे हाकेला ओ देणारा कायमचा माणूस शोधावाच लागतो.

कोल्हापूरचा गोंगाट मी लपवणार नाही. मेसच्या डब्यांची रात्री अकरापर्यंत ये-जा, गणपतीचे दिवस, आणि शाहू स्टेडियमवर पेठेचा फुटबॉल संघ जिंकला की फटाके. पण १९६२मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचा साडेआठशे एकरांचा परिसर सकाळी फिरायला हाताशी असतो. व्याख्यानं, नाटकं, ग्रंथालयं आहेत, आणि रोज बोलायला माणूस मिळतो. नोकरीत चाळीस वर्षं माणसांत काढलेल्याला याची किंमत पहिल्या पावसाळ्यात कळते. बहीण म्हणते, “दादा, आवाजाची सवय होते रे, एकटेपणाची नाही होत.” तिचं अगदी सगळं मला पटत नाही; एकटं राहून फुलणारी माणसंही मी पाहिली आहेत.

साठी ओलांडलेल्या, बीपी-साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या जोडप्याला मी कोल्हापूर सुचवेन. पन्नाशीतला, लॅपटॉपवर काम करणारा, स्वतः गाडी चालवणारा आणि मातीत हात घालणारा माणूस असेल, तर बेलाशक मालगुंड, निदान दहा-पंधरा वर्षं.

घराचं म्हणाल तर कोल्हापुरात आधी भाड्याने राहा. विद्यापीठाजवळ मालकांना ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे एकेका खाटेचं भाडं घेऊन, पोरं ठेवणं परवडतं, त्यामुळे कुटुंबासाठी बरी जागा मिळायला वेळ लागतो. ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही तिथे बसतंय, सोलापूरचे खटलेही तिकडेच जातात. तेव्हा वकिलांची भर धरून चाला. मालगुंडला विकत घ्यायची घाई तर अजिबात नको. शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असल्याचा दाखला लागतो. बार्शी-मंगळवेढ्याकडे वडिलोपार्जित सातबारा असेल तर ठीक, गिरणी-यंत्रमागावर घर चालवलेल्यांकडे तो बहुधा नसतो. त्यांनी बिनशेती प्लॉटच बघावा. समुद्र दिसणारी जागा असेल तर भरतीरेषेपासून नव्या बांधकामाला बंदी किती अंतरापर्यंत, ५० मीटर की २०० मीटर, हे त्या गावापुरतं विचारून घ्या. कोकणातला सातबारा तर सामाईक असतो. पाच काका, त्यांची मुलं, मुंबईत लग्न करून गेलेल्या आत्या, सगळ्यांची नावं त्यावर. त्यातल्या प्रत्येकाची सही होईपर्यंत इसाराचा एक रुपयाही देऊ नका.