जॉनी कॅशचा ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’: एक गळा, एक गिटार, तेरा गाणी

एप्रिल १९९४ मध्ये हा अल्बम आला तेव्हा अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅश ६२ वर्षांचा होता. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने १९८६ मध्ये त्याला सोडलं होतं आणि त्यानंतर मर्क्युरी कंपनीने काढलेल्या अल्बमांना फारसं कुणी विचारलं नव्हतं. रॅप आणि मेटलमध्ये नाव कमावलेल्या रिक रूबिन या निर्मात्याने त्याला लॉस एंजेलिसमधल्या आपल्या दिवाणखान्यात बसवलं आणि मनात येतील ती गाणी गायला सांगितलं. साथीदार घेऊनही प्रयोग झाले, पण ते मागे पडले. काही गाणी टेनेसीत, हेंडरसनव्हिलच्या कॅशच्या केबिनमध्ये रेकॉर्ड झाली.

या अल्बमची खरी करामत निवडीत आहे. ड्रम नाहीत, बास नाही, कोरस नाही. त्यामुळे शब्द कच्चे असतील तर ते झाकायला काहीच उरत नाही. म्हणूनच इथे गोष्ट सांगणारी गाणी टिकली आणि नुसत्या चालीवर तरणारी गळाली. ‘द बीस्ट इन मी’ निक लोचं, ‘बर्ड ऑन अ वायर’ लिओनार्ड कोहेनचं, ‘थर्टीन’ ग्लेन डॅन्झिगने खास कॅशसाठी लिहिलेलं. तिघांचे बाज एकमेकांपासून कोसभर लांब, तरी इथे ती एकाच माणसाची वाटतात. खर्जातला गळा, शब्दामागे शब्द सावकाश ठेवण्याची सवय आणि अंगठ्याने छेडलेली गिटार, एवढ्यावर ते साधलं आहे. क्रिस क्रिस्टोफरसनचं ‘व्हाय मी लॉर्ड’ मूळचं १९७२ चं. त्याला कॅश भजनासारखा फुलवत नाही. कबुलीजबाब द्यावा तसं तो ते गातो, आणि तेच बरोबर आहे.

पहिलं गाणं मात्र जड जातं. ‘डेलियाज गॉन’ला खऱ्या घटनेचा आधार आहे: १९०० च्या नाताळात जॉर्जियातल्या सव्हाना शहरात डेलिया ग्रीन या चौदा वर्षांच्या मुलीचा खून झाला. कॅशने हे गाणं १९६२ मध्येही गायलं होतं. या अल्बममध्ये खुनी स्वतः बोलतो आणि त्याच्या तोंडी फारसा पश्चात्ताप नाही. सुरुवातीलाच हे ठेवणं धाडसाचं आहे, पण मुलगी नुसतं निमित्त होऊन राहते, हे खटकतं.

दहाव्या गाण्यापासून मात्र क्रम फार विचाराने लावलेला आहे. टॉम वेट्सच्या ‘डाउन देअर बाय द ट्रेन’मध्ये येशूचा विश्वासघात करणारा ज्यूडास आणि लिंकनचा मारेकरी बूथ यांनाही आगगाडीत जागा आहे. त्यापाठोपाठ कॅशचं स्वतःचं ‘रिडेम्प्शन’, मग ‘लाइक अ सोल्जर’. पाप, क्षमा आणि वाचलेल्या माणसाची हिशेबवही अशी ही तीन पावलं सलग ऐकली तर अल्बम कळतो. नवख्याने इथूनच सुरुवात करावी, मग पहिल्या गाण्याकडे जावं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाचं ‘ड्राइव्ह ऑन’ हे कॅशने स्वतः लिहिलेल्यांत सर्वांत घट्ट विणीचं.

खोट आहे ती नवव्या आणि तेराव्या गाण्यात. ‘टेनेसी स्टड’ आणि ‘द मॅन हू कुडन्ट क्राय’ ही दोन्ही वेस्ट हॉलिवूडच्या व्हायपर रूम क्लबमध्ये प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड झाली. हशा आणि टाळ्या आल्या की बंद खोलीतली जवळीक मोडते. लाउडन वेनराइटचं शेवटचं गाणं विनोदी अंगाचं असल्याने हशा त्याला शोभतो. नववं मात्र आठव्या आणि दहाव्याच्या मधोमध उगाच गर्दी घेऊन येतं.

पूर्ण अल्बम साधारण ४२ मिनिटांचा आहे. फोनच्या स्पीकरवर ऐकू नये: खालचे स्वर त्यात जातातच, आणि त्यांच्याबरोबर गिटारच्या जाड तारांवरचा अंगठ्याचा ठोकाही जातो, जो इथे तबल्याच्या डग्ग्याचं काम करतो. साधे पण कानांवर नीट बसणारे हेडफोन पुरतात. आवाज मध्यम ठेवावा, कारण ‘थर्टीन’सारख्या गाण्यात कॅश जेमतेम कुजबुजीच्या वर जातो आणि तिथला श्वासही ऐकू यायला हवा.