मॉडेल रेल्वेच्या शहरात दिवे: वूडलँड सीनिक्सची जस्ट प्लग सिस्टिम, रिव्ह्यू

थेट मुद्द्यावर येतो. वूडलँड सीनिक्स या मॉडेल सीनरीचं सामान बनवणाऱ्या कंपनीची जस्ट प्लग लाइटिंग सिस्टिम माझ्या एचओ (१:८७ स्केल) लेआउटवरच्या, म्हणजे रूळ आणि देखावा मांडलेल्या बोर्डावरच्या, शहरात बसवलीये आणि मी तिच्यावर खूश आहे. सोल्डरिंग करावं लागत नाही हे तर आहेच, पण मला सगळ्यात भारी वाटलं ते म्हणजे प्रत्येक दिव्याचा उजेड वेगवेगळा कमी करता येतो. छोट्या शहरात दिवा लावणं कठीण नाहीये, तो मंद ठेवणं कठीण आहे, आणि बहुतेक लेआउट तिथेच बिघडतात. सगळ्या बिल्डिंग फुल ब्राइट, सगळ्या खिडक्या एकसारख्या पिवळ्या, भिंतीसुद्धा आतून चमकतायत, म्हणजे मग इतक्या मेहनतीने रंगवलेली वीटकाम डिटेलिंग वगैरे काही दिसतच नाही.

सिस्टिम अशी आहे की स्टिक-ऑन एलईडी मिळतात, छोटा चपटा तुकडा, मागे चिकट, त्याला बारीक वायर. तो छताला आतून चिकटवायचा, वायर खाली बोर्डातून काढायची आणि लाइट हबमध्ये लावायची. एका हबला ४ दिवे जोडता येतात आणि प्रत्येकाचा उजेड हबवरच ॲडजस्ट होतो. जास्त दिवे असतील तर हब एक्सपान्शन हबला जोडायचे, त्यांचा पॉवर सप्लाय ५० दिव्यांपर्यंत चालतो. रंगांमध्ये वॉर्म व्हाइट, कूल व्हाइट, पिवळा, नारिंगी, लाल वगैरे आहेत. रेझिस्टरचा (करंट कमी करणारा भाग) हिशोब नाही, प्लस मायनस शोधत बसणं नाही, त्यामुळे ज्यांना इलेक्ट्रिकल कामाची भीती वाटते त्यांनी बिनधास्त घ्यावी.

आता ज्यांना सोल्डरिंग येतं ते विचारणार की सुटे एलईडी घेऊन हेच स्वस्तात होत नाही का. होतं की. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर ४७० ओहमचा रेझिस्टर लावला तर साधारण १९ मिलीॲम्प करंट जातो आणि १:८७ च्या घरात तो उजेड अक्षरशः डोळ्यात जातो, १ किलोओहम लावला की साधारण ९ मिलीॲम्प, आणि ४.७ किलोओहमवर जेमतेम २ मिलीॲम्प जातात तेव्हा कुठे ती खिडकी घरातली खिडकी वाटायला लागते. पण शेजारी दुसरी बिल्डिंग आली की परत वाटतं ही जरा जास्तच झाली, मग रेझिस्टर बदला, परत सोल्डर करा. जस्ट प्लगमध्ये खोलीतला मोठा लाइट बंद करून, समोर उभं राहून, एकेक बिल्डिंग बघत उजेड सेट करता येतो. माझ्या मते पैसे त्यासाठीच द्यायचे. बाकी सुट्या एलईडीपेक्षा ही महाग पडते हे खरं आहे आणि हब वाढत गेले की खर्चही वाढत जातो, त्यामुळे पुढे ठेवायच्या महत्त्वाच्या बिल्डिंगला जस्ट प्लग आणि मागच्या रांगेला सुटे एलईडी असं केलं तरी चालतं, फक्त दोघांचा सप्लाय वेगळा ठेवा. आणि रुळांच्या करंटवर दिवे अजिबात चालवू नका. डीसीसी, म्हणजे इंजिनं डिजिटल सिग्नलने चालवायची सिस्टिम, तिच्या बूस्टरची (रुळांना करंट देणारा भाग) ताकद इंजिनांसाठी असते, १० मिलीॲम्पचे ४० दिवे म्हणजे ४०० मिलीॲम्प तिथेच गेले.

दिवे घेण्याआधी एक काम करायचं ते म्हणजे बिल्डिंग आतून काळी करायची. प्लॅस्टिकच्या किटच्या भिंती पातळ असतात, प्रकाश आरपार येतो. आधी आतून काळा रंग, वाळला की त्यावर पांढरा, म्हणजे बाहेर काही येत नाही आणि आत उजेड नीट पसरतो. कोपऱ्यातल्या फटी काळ्या टेपने बुजवायच्या. काही जण किचनमधली फॉइल लावतात, ती काम चांगलं करते पण तिच्यातून वीज जाते, त्यामुळे उघड्या वायरजवळ नको. वूडलँड सीनिक्सचं स्वतःचं लाइट ब्लॉक किट आणि खिडक्यांसाठी डिफ्यूजिंग फिल्मही आहे, पण मला ट्रेसिंग पेपर तितकाच आवडला. आणि छत कधीही पक्कं चिकटवू नका, आत परत हात घालावा लागतोच.

मग आत कार्डबोर्डचे पडदे घालून खोल्या पाडा आणि निम्म्याहून जास्त खोल्या अंधाऱ्या ठेवा. खरंच ठेवा. रात्री कुठल्याही रस्त्यावर उभं राहून वर बघितलं तर सगळी घरं कुठे जागी असतात? खालच्या दुकानाला कूल व्हाइट आणि जरा जास्त उजेड, वरच्या घरांना वॉर्म व्हाइट आणि एकदम मंद, एखाद्या ऑफिसच्या मजल्यावर ट्यूबलाइटसारखा पांढरा. एवढ्या फरकाने एकच बिल्डिंग जिवंत वाटायला लागते.

रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल जरा सावध राहा. मी ऑनलाइन एक नाव-गाव नसलेलं स्वस्त खांबांचं पाकीट घेतलं होतं, त्यात उजेड निळसर होता, खांब तिरके होते आणि स्केलपेक्षा बरेच उंच होते. उंची आधी मोजा: खरा ६ मीटरचा खांब एचओमध्ये साधारण ६९ मिलिमीटर येतो आणि १:१६० च्या एन स्केलमध्ये साडेसदतीस. दिव्याचा रंग तुमच्या काळाप्रमाणे निवडा, जुन्या सोडियम दिव्यांचं शहर असेल तर नारिंगीच हवा, आजचं असेल तर पांढरा चालेल. जस्ट प्लगमध्येही खांबांचे दिवे आहेत आणि ते त्याच हबला लागतात, एकच सिस्टिम ठेवायची असेल तर ते सोयीचं.

आता सीनरी, कारण दिवे लागले की सीनरीतले सगळे दोष उघडे पडतात. सगळ्यात वाईट म्हणजे बिल्डिंग आणि जमीन यांच्यामधली फट, दिवसा दिसत नाही, पण आत दिवा लागला की खालून उजेडाची रेघ येते आणि अख्खी बिल्डिंग हवेत तरंगल्यासारखी दिसते. यावर उपाय म्हणजे बिल्डिंग फुटपाथच्या वर ठेवायची नाही, फुटपाथ तिच्याभोवती बांधायचा, म्हणजे पाया मिलिमीटरभर आत बुडतो. रस्त्यासाठी मी वूडलँड सीनिक्सचंच स्मूद-इट प्लास्टर वापरलं, दोन्ही बाजूंना पेव्हिंग टेप लावून मधे ओतायचं आणि सपाट करायचं, खूप स्वच्छ काम होतं. रंग मात्र काळा नको, डांबर जुनं झालं की करडं होतं, त्यात थोडे गडद ठिगळ, मॅनहोलची झाकणं, गाड्यांच्या चाकांचे पट्टे. एक लेन साडेतीन मीटरची धरली तर एचओमध्ये ४० मिलिमीटर, यापेक्षा खूप रुंद केली की शहर मोकळं मोकळं वाटतं. चकचकीत प्लॅस्टिक दिव्याखाली लगेच ओळखू येतं, म्हणून गाड्या, माणसं, भिंती सगळ्यांवर मॅट वार्निश मारा. फक्त ओला रस्ता दाखवायचा असेल तर थोडं ग्लॉस, तेही खांबाच्या खाली, तिथे प्रतिबिंब फार सुंदर येतं.

माणसं आणि झाडं सगळीकडे सारखी पेरू नका. उजेडात माणसं ठेवा, दुकानाच्या काचेसमोर दोघं बोलत उभे, खांबाखाली एक जण वाट बघतोय, बाकी रस्ता रिकामा राहू दे. झाड ८ मीटरचं धरलं तर ९२ मिलिमीटर, म्हणजे दुमजली बिल्डिंगच्या वर जातं, लोक घाबरून फार छोटी झाडं लावतात.

हब कुठे लावायचा हे आधीच ठरवा. लेआउटच्या खाली मधोमध लावला तर प्रत्येक वेळी आडवं होऊन हात घालावा लागतो आणि उजेड बदलताना शहर दिसत नाही, त्यामुळे पुढच्या कडेला, आतल्या बाजूने, हाताला लागेल असा लावा, आणि वायर खाली काढल्या काढल्या तिच्यावर बिल्डिंगचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवा.