सोलो कनूसाठी दुहेरी वल्हं: एक हंगाम वापरल्यानंतर

ऑगस्टमध्ये वल्ह्याचा जोड अडकला, म्हणून हे लिहायला बसले. वल्हं दुहेरी, म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेलं, फायबरग्लासचं, २६० सेंटिमीटर, मधोमध सुटणारं. जोडात वाळू गेली आणि दोन्ही तुकडे जाम झाले. दुकानाने सांगितलं की वाळूमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. कनू म्हणजे वल्ह्याने चालवायची उघडी होडी (माझी सोलो, एकटीने चालवायची), आणि ती ओढून ठेवतात वाळूच्याच काठावर. जोडाला वाळू चालत नसेल तर ते विकतानाच सांगायला हवं होतं, आणि याचा मला अजूनही राग आहे. शेवटी एक टोक नवऱ्याने धरलं, दुसरं मी, आणि पिळत पिळत ओढून ते सोडवलं. जोडाला तेल लावू नका, वाळू आणखी चिकटते. दर वेळी धुवायचा आणि तुकडे सुटे करूनच ठेवायचे.

पण माझी मोठी तक्रार जोडाची नाही, पाण्याची आहे. दुहेरी वल्ह्याचं एक पातं पाण्यात असतं तेव्हा दुसरं हवेत, आणि त्यावरचं पाणी दांड्यावरून ओघळत थेट मांडीवर येतं. कयाक ही वरून झाकलेली होडी, तिच्यात पाणी अडवायला कंबरेभोवती कापडी स्कर्ट असतो. कनू उघडी, रुंद आणि बैठक उंच, त्यामुळे कडेवरून पातं पाण्यात घालायला दांडा जास्त तिरका धरावा लागतो. माझी उंची बेताची, म्हणून माझा दांडा अजूनच उभा होतो. मी वल्हवते त्या कॅनडातल्या ॲल्गॉन्क्विन पार्कच्या तलावांवरचा बर्फ बहुधा एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला जातो. त्यानंतरच्या आठवड्यांत हे बर्फाळ पाणी तासभर मांडीवर पडत राहिलं की गुडघे आखडतात. दांड्यावरच्या रबरी रिंगा पात्याजवळ सरकवल्या तर थोडा फरक पडतो, पण जोरात वल्हवलं की पाणी त्यांनाही ओलांडतं. लांब वल्हं घेतलं तर ओघळ कमी होतो, पण वजन वाढतं आणि पातं कनूपासून लांब फिरतं, त्यामुळे नाक डावीकडे-उजवीकडे हलत राहतं. जूनपर्यंत मी हे वल्हं विकायच्या विचारात होते.

मग ओपिओंगोवर वारा लागला. ॲल्गॉन्क्विनमधला हा सगळ्यात मोठा तलाव, आणि दुपारी तिथे लाटा उठतात. एकेरी वल्ह्याने एकाच बाजूला वल्हवताना नाक दुसऱ्या बाजूला वळतं. जे-स्ट्रोक नावाच्या हातात शेवटी पातं बाहेर ढकलून ते सावरतात, आणि त्यात थोडा वेग जातो. आडव्या वाऱ्यात सगळी ताकद सावरण्यातच जाते. सहा-आठ हात मारून बाजू बदलत राहिलं तरी प्रत्येक बदलात वारा नाक फिरवतो. दुहेरी वल्ह्याने कनू सरळ चालली. मी भिजले, पण किनाऱ्याला लागले. म्हणून ते विकलं नाही.

ॲल्गॉन्क्विनमधल्याच टिम नदीवर मात्र त्याचा काहीच उपयोग नाही. नदी सारखी वळणं घेते, दोन्ही काठांना झुडपं, आणि अडीच मीटरचं वल्हं फिरवायला जागा नाही. तिथे चेरीच्या लाकडाचं साधं एकेरी वल्हं हवं: पातं पाण्याबाहेर न काढता कनू बाजूला खेचता येते, आवाज होत नाही, मांड्या कोरड्या राहतात. दिवसभर वल्हवायचं असेल तर वजनही जाणवतं, कारण दुहेरी वल्हं साधारण किलोभराचं असतं आणि ते सतत दोन्ही हातांनी पेलून धरावं लागतं.

दुहेरीच्या बाजूने नेसमक या टोपणनावाने लिहिणाऱ्या जुन्या अमेरिकन लेखकाचं नाव घेतात. १८८३ मध्ये त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक्स डोंगरांत दुहेरी वल्ह्यानेच मोठा प्रवास केला हे खरं. पण त्याची कनू नऊ फुटी, पाच किलोपेक्षाही हलकी, आणि तो तळाशी बसायचा. बैठक खाली असली की दांडा आडवा राहतो आणि छोटं वल्हं पुरतं. एकेरी वेगवान की दुहेरी यावर वाद घालण्याआधी आपण कनूत किती उंच बसतो ते मोजा.

तळाशी बसत असाल तर २४० सेंटिमीटरचं दुहेरी घ्या आणि निश्चिंत राहा. उंच बैठक असेल किंवा गुडघ्यांवर बसत असाल तर पैसे चांगल्या एकेरी वल्ह्यात घाला. दुहेरी दुसरं वल्हं म्हणून ठेवा. दोन तुकडे करून कनूच्या आडव्या पट्टीला बांधलं की पोर्टेजला, म्हणजे कनू उचलून जमिनीवरून नेताना, त्रास होत नाही. दुसऱ्या वल्ह्यासाठी पूर्ण किंमत मोजू नका. हंगाम संपताना कनू भाड्याने देणारे आपलं वापरलेलं सामान स्वस्तात काढतात. घेताना जोड स्वतःच्या हाताने लावून-सोडवून बघा.