जुन्या रेबॅनला काच कुठली?

बाऊश अँड लॉम्बच्या काळातला, म्हणजे 1999 मध्ये लक्झोटिकाने ब्रँड विकत घेण्याआधीचा रेबॅन गॉगल घरात असेल तर फ्रेमची फारशी काळजी नसते. मुलामा थोडा उडतो, नोजपॅड पिवळे पडतात, तेवढं कुणीही करून देतं. अडतं ते काचेपाशी. तिथे वाटा तीन: त्याच काळातली अस्सल काच शोधायची, ऑनलाइन तयार जोडी मागवायची, नाहीतर आपल्या चष्मेवाल्याकडून कापून घ्यायची. मामाने मस्कतहून आणलेल्या एव्हिएटर मॉडेलसाठी मी तिन्ही करून पाहिल्या.

अस्सल काचेबद्दल वाईट बोलणं अवघड आहे. जी-15 नावाच्या त्या काचेचा हिरवट-राखाडी रंग काचेतच मुरलेला असतो, त्यामुळे उन्हाने विटत नाही. नावातले 15 म्हणजे डोळ्यापर्यंत पोचणारा साधारण पंधरा टक्के उजेड, पण त्यातूनही झाडं झाडांच्या रंगाची दिसतात. बिजागरीकडच्या कडेला ‘बीएल’ ही बारीक अक्षरं कोरलेली असतात. काच तिरकी धरली की दिसतात. गॉगल संग्रहात ठेवायचा किंवा विकायचा असेल तर दुसरा विचारच करू नका.

घालायचा असेल तर मात्र थोडं थांबा. 1972 पासून अमेरिकेत चष्म्याच्या काचा आघात सोसणाऱ्या हव्यात असा नियम आला, म्हणून नंतरच्या काचा टफन, म्हणजे प्रक्रिया करून कडक केलेल्या असतात. अशी काच घासता येत नाही. फ्रेमवर 58 (काचेची रुंदी, मिलिमीटरमध्ये) आणि काचही 58ची असली, तरी इतक्या वर्षांत रिम कुठेतरी ताणलेली नाहीतर दबलेली असते. मला मिळालेली जोडी डावीकडे छान बसली; उजवीकडे रिमचा स्क्रू मिटेना. जोर लावला तर कडेचा टवका उडणार, आणि घासायला कुणी हात लावणार नाही. बसली तर बसली. किंमत ऐकून मग विचार करावासा वाटतो.

तयार जोडी स्वस्त. पॉलिकार्बोनेटची असल्याने हलकी, सहसा फुटत नाही, आणि अतिनील किरण ते मटेरियल मुळातच बहुतेक अडवतं. पण माझा निकाल तिच्या खुळखुळण्याने लागला. त्या काचा आजच्या फ्रेमच्या मापाने कापलेल्या. जुन्या रिममध्ये नाकाकडच्या कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली, आणि स्कूटरवर प्रत्येक स्पीडब्रेकरला डोळ्यापाशी ‘टक्’. आवाज इतका बारीक, की मागे बसलेल्याला सांगितलं तर तो हसेल. पण एकदा ऐकू आला की रस्त्यापेक्षा लक्ष तिकडेच. दुकानदाराने खाचेत पारदर्शक प्लास्टिकची बारीक पट्टी घालून दिली. काही दिवस शांतता. मग घाम आणि धूळ साठून पट्टी सरकली आणि टकटक परत सुरू. तुम्ही गाडीतच गॉगल घालत असाल तर कदाचित याचं काही वाटणार नाही.

चष्मेवाल्याने मात्र जुनी शाबूत काच साचा म्हणून घेतली, नवी किंचित मोठी कापली आणि मग घासून, लावून, परत घासून बसवली. स्क्रू मिटला, काच हलेना. काच म्हणायची एवढंच, असतं ते सीआर-39 प्लास्टिक. रिममध्ये काही हलत नाही याचं सुख मला जी-15पेक्षा मोठं वाटलं.

त्याच्याकडूनही काम नीट करून घ्यावं लागतं. सहा बेसची लेन्स मागा; बेस म्हणजे लेन्सची गोलाई. नंबरच्या चष्म्याची सपाटशी लेन्स दडपून बसवली तर रिम पिळते आणि काड्या वाकड्या होतात. तपासायचं सोपं आहे: जुनी काच नव्या लेन्सच्या आतल्या बाजूत टेकवून उजेडाकडे धरा, मध्ये टेकली आणि कडेला फट दिसली तर गोलाई वेगळी. रंग ट्यूबलाइटखाली नव्हे, दाराशी येऊन जुळवा. हुबेहूब जी-15 येत नाही. माझा जरा जास्तच हिरवा आला. गडद रंग म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षण, असंही नाही. उलट गडद काचेमागे बाहुली मोठी होते, म्हणून अतिनील किरण मोजणाऱ्या मीटरवर तपासून घ्याच. ओरखडे खऱ्या काचेपेक्षा लवकर पडतात, तेव्हा शर्टाच्या टोकाने पुसणं बंद. आणि एकच फुटली असली तरी करायच्या दोन्ही, रंग जुळत नाही.

चाळिशी उलटलेल्यांसाठी आणखी एक: यात नंबरही टाकून मिळतो. नंबर मोठा असेल तर ती गोलाई साधेल का, ते आधी विचारा.

जुनी शाबूत काच तेवढी दुकानात विसरू नका. पुढच्या वेळी साचा म्हणून तीच लागते.