दिवाळी-नाताळचं भाजणं: कढई, ओटीजी, कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह की बेकरीची भट्टी?

नवरात्र संपलं की हा विषय घरोघरी निघतो. यंदा नानकटाई घरीच करू, डिसेंबरात केकही करू, मग एक ओव्हन घेऊन टाकायचा का? आणि घ्यायचा तर कुठला? दुकानदार लिटर आणि वॉट सांगतो, काचेच्या दारामागचा दिवा लावून दाखवतो. पण तुम्ही भाजणार काय आणि किती, हे तो विचारत नाही, आणि सगळा निर्णय त्याच्यावरच अवलंबून आहे. यंत्राशी यंत्राची तुलना करत बसलं की गोंधळ वाढतो. पदार्थ डोळ्यांपुढे ठेवून तुलना केली तर उत्तर बऱ्यापैकी लवकर मिळतं, म्हणून इथे तसंच केलं आहे.

आधी आच कुठून येते ते बघू, कारण सगळा फरक त्यातच आहे. कढईत मीठ किंवा वाळू तापवून, वर स्टँड ठेवून भाजतो तेव्हा आच फक्त खालून असते. झाकणाखालची हवा तापते, पण पदार्थाला वरून रंग येत नाही. ओटीजीत, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलरमध्ये, वर आणि खाली तापणाऱ्या कांड्या असतात, दोन्ही एकत्र किंवा एकेकटी लावता येते. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये पंखा गरम हवा फिरवतो, खाली कांडी नसते, म्हणून वरची बाजू लवकर रंगते आणि बूड फिकं राहतं. बेकरीच्या विटांच्या भट्टीत भिंती, छत आणि जमीन तिन्ही तापलेले असतात, आणि ती आच हळूहळू उतरत जाते.

नानकटाई आणि बिस्किटं

दिवाळीचा खरा प्रश्न इथेच आहे, कारण नानकटाई कुणी दहा-बारा करत नाही. सरळ हिशेब करा. मैदा, बेसन आणि रवा मिळून १ किलो पीठ, ६०० ग्रॅम तूप, ६०० ग्रॅम पिठीसाखर. गोळा झाला साधारण सव्वादोन किलोचा. ३० ग्रॅमची एक धरली तर सत्तरएक नानकटाया होतात. कढईत मावणाऱ्या ताटलीत एका वेळी सात, फार तर आठ बसतात, कारण फुलायला मध्ये जागा सोडावी लागते. प्रत्येक घाण्याला वीस-पंचवीस मिनिटं धरली तर चारएक तास गॅसपाशी उभं राहावं लागेल. तेही दिवाळीच्या आठवड्यात, जेव्हा त्याच गॅसवर चकली तळायची असते. २८-३० लिटरच्या ओटीजीत ट्रेवर सोळा बसतात, म्हणजे पाच खेपा, दोन तासांत काम उरकतं. कन्व्हेक्शनच्या गोल ताटावर बारा बसतात. एकेका खेपेला पंख्यामुळे वेळ किंचित कमी लागतो, तरी एकूण वेळ तेवढाच.

ऑक्टोबरच्या उकाड्यात आणखी एक अडचण येते. वाट बघत बसलेल्या पुढच्या खेपेच्या गोळ्यांतलं तूप सुटायला लागतं, आणि मग नानकटाई न फुलता पसरते. गोळे ताटासकट फ्रिजमध्ये ठेवून गार असतानाच ओव्हनमध्ये घातले की पसरत नाहीत. तापमान १५० ते १६० अंश. १८० वर कडा तपकिरी होतात आणि मधला भाग कच्चा राहतो.

आता भट्टी. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत दिवाळीआधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक रवा-मैदा-तूप-साखर घेऊन बेकरीत जातात आणि पत्र्याचे डबे भरून बिस्किटं घेऊन येतात. किलोवर मजुरी असते. पुण्या-मुंबईच्या नव्या वस्त्यांत ही सोय कमी होत चालली आहे, पण तुमच्या जवळ असेल तर ती सोडू नका, असं मी कळकळीने सांगेन. वर केलेला चार तासांचा हिशेब भट्टीत एकाच खेपेत संपतो. चवीचंही कारण आहे. सकाळचा पाव काढून झाला की भट्टीची आच उतरू लागते, आणि नानकटाईला लागते ती नेमकी तीच मंद, सगळीकडून सारखी आच. पृष्ठभागावर ज्या बारीक भेगा पडतात, त्या घरच्या छोट्या ओव्हनमध्ये तशा क्वचितच येतात. भट्टीवर घरचं तूप वापरलं जातंय याची खात्री करायची असेल तर पीठ मळेपर्यंत तिथे थांबा. बऱ्याच ठिकाणी बिस्किटं खुसखुशीत व्हावीत म्हणून बेकरीचा अमोनिया (अमोनियम बायकार्बोनेट) घालतात. नको असेल तर आधीच सांगा, तक्रार न करता वगळतात. घरात अंडं चालत नसेल तर ट्रे कुठले वापरतात तेही विचारा.

मुंबईकरांसाठी एक बदल ध्यानात घेण्यासारखा आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हवेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र तुमची नेहमीची बेकरी बाहेरच्यांचं भाजून देण्याचं काम अजून घेते का, ते दिवाळीच्या तोंडावर नव्हे, आधीच विचारून ठेवा.

थोडक्यात, वर्षातून एकदा दोन किलो नानकटाई एवढंच करायचं असेल तर ओव्हन घेऊच नका.

केक

इथे कढईचं पारडं लोकांना वाटतं त्यापेक्षा जड आहे. अर्धा किलोचा साधा स्पंज, रव्याचा केक, दही-सोड्याचा बिनअंड्याचा केक, हे जाड बुडाच्या कढईत उत्तम होतात. झाकणाखाली वाफ कोंडते, त्यामुळे केक ओलसर राहतो. वरचा भाग फिका राहतो, पण वर पिठीसाखर किंवा क्रीम येणार असेल तर काय बिघडतं? दहा मिनिटं कढई तापवायची, मग आच मंद, आणि पहिली पंचवीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. नॉनस्टिक कढई मात्र यासाठी कधीच वापरू नका, कोरडी तापली की तिचा थर खराब होतो आणि धूर अपायकारक असतो. कुकरमध्ये करणारे पुष्कळ आहेत, त्यांनी शिट्टी आणि रबर काढायचं हे ठाऊकच असतं. पण रोजचा वरणभाताचा कुकर कोरडा तापवत राहिलात तर तो वाकडा होतो आणि झाकण नीट बसेनासं होतं. जुना, निवृत्त कुकर असेल तरच वापरा.

कोकणातल्या बायकांना खालून-वरून आच देण्याची गरज फार आधीपासून माहीत होती. काकडीचं धोंडस किंवा सीकेपी घरांतलं भानोलं करताना पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवत. गॅस आल्यावर वरचे निखारे गेले, आणि ती उणीव आज ओटीजी भरून काढतो. धोंडस घरात आवडीने खाल्लं जात असेल तर ओटीजी घेण्याचं हेही एक चांगलं कारण आहे.

नाताळच्या प्लम केकला कढई पुरत नाही. रममध्ये आठवडेच्या आठवडे मुरलेली बेदाणे-काळे मनुके-संत्र्याच्या सालीची जड भर असलेला १ किलोचा केक १५० अंशांवर दीड-दोन तास भाजायचा असतो. इतका वेळ नुसत्या खालच्या आचेवर बूड करपतं, आणि महागाचा सुकामेवा कडू होतो. इथे ओटीजी सरळ सरस ठरतो. टिनच्या बाहेरून वर्तमानपत्राची दुहेरी घडी दोऱ्याने बांधा, वरचा भाग रंगला की त्यावर बटर पेपर टेकवा, आणि केक मधल्या नव्हे, खालच्या खणात ठेवा. कन्व्हेक्शनमध्येही प्लम केक होतो, पण फिरत्या हवेने वरचं कवच लवकर सुकतं. तिथे तापमान दहा-वीस अंशांनी उतरवून कागद लवकर टेकवावा लागतो. शिवाय दोन तास मायक्रोवेव्ह अडकलेला असतो, आणि त्या संध्याकाळी दूध गरम करायला कुणीतरी येतंच.

लहान ओटीजीची एक खोड केक करतानाच कळते. १६ लिटरमध्ये वरची कांडी केकच्या डोक्याशी येते, केक वर येताच माथा फुटतो आणि काळवंडतो. सात इंची टिनच्या पुढे जायचं नसेल तरच तो घ्या.

बेबिंका, बाथ आणि वसईचं थाळी स्वीट

गोव्याच्या आणि वसई-मुंबईच्या ख्रिस्ती घरांत नाताळाचं भाजणं निराळं असतं, आणि त्यांना उत्तरही निराळं मिळतं. रवा-नारळाचं बाथ किंवा ईस्ट इंडियन (वसई-मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजाचं) थाळी स्वीट पसरट थाळीत जातं, त्याला वर सोनेरी रंग हवा. ओटीजीत हे सहज जमतं. कन्व्हेक्शनमध्ये फिरत्या ताटाच्या मापाची गोल थाळी असेल तरच जमतं, कारण चौकोनी टिनचे कोपरे भिंतींना अडतात.

बेबिंका तर ओव्हनची कसोटीच बघते. नारळाचं दूध, अंड्यांचं पिवळं, साखर, थोडा मैदा, जायफळ. एक थर ओतायचा, वरून भाजायचा, तूप सोडायचं, मग पुढचा. सात थर म्हणजे सात वेळा फक्त वरून आच. पूर्वी मातीच्या भांड्यावर निखारे ठेवून हेच करत. ओटीजीत फक्त वरची कांडी लावायची सोय असते, म्हणून बेबिंका करणाऱ्याने दुसरं काही बघूच नये. ग्रिल असलेल्या मायक्रोवेव्हमध्येही थर रंगतात, पण दार दर काही मिनिटांनी उघडावं लागतं आणि प्रत्येक वेळी बटणं पुन्हा दाबावी लागतात. ओटीजीची गोल खुंटी फिरवलेली तशीच राहते.

पाव

घरी पाव करायचाच असेल तर आधी स्वतःला कारण विचारा. लादी पावासाठी बेकरीशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही, आणि गोव्यात सायकलचा भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, दारात येत असेल तर मुळीच नाही. गव्हाच्या पिठाचा, कमी साखरेचा, आपल्याला हवा तसा ब्रेड हवा असेल तर मात्र कष्ट सार्थकी लागतात. चक्कीवर दळलेलं पीठ मैद्यापेक्षा जास्त पाणी पितं आणि ब्रेड जड होतो. सुरुवातीला अर्धा मैदा घालून करा.

ब्रेडला २०० अंशांच्या वर आच लागते आणि ती खालूनही लागते. कढई इथे बाद. कन्व्हेक्शनमध्ये वरून सुंदर रंग येतो, पण बूड पांढरं आणि दमट राहतं. लोफ टिनमधून काढून जाळीवर उलटा ठेवून आणखी पाच-सात मिनिटं भाजला की सुधारतो. ओटीजीत दोन्ही कांड्या लावून हे एकाच फेरीत होतं. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात यीस्टचं पीठ फुगायला मुंबईच्या जवळपास दुप्पट वेळ घेतं. बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याची वाटी आणि पिठाचं भांडं शेजारी ठेवून दार लावून घ्या.

मग घ्यायचं काय

दिवाळीनंतरही महिन्यातून दोन-चारदा केक, बिस्किटं किंवा ब्रेड करणार असाल तर २८ ते ३० लिटरचा, पंखा असलेला ओटीजी घ्या. साधारण सहा ते दहा हजारांत मिळतो. घरात मायक्रोवेव्ह नाहीच आणि तो हवाच आहे, ओट्यावर दोन यंत्रांना जागा नाही, अशी स्थिती असेल तर कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह योग्य. त्याला बारा ते वीस हजार लागतात. पण केवळ भाजण्यासाठी म्हणून तो घेऊ नका. जास्त पैसे मोजून कमी जागा आणि फिकं बूड पदरात पडतं. अजून मन ठरत नसेल तर दोनशे-तीनशे रुपयांचा ॲल्युमिनियमचा टिन घेऊन या डिसेंबरपर्यंत कढईतच केक करा. हात बसला आणि हौस टिकली तर टिन ओव्हनमध्येही तोच चालतो.

विजेची भीती लोक उगाच बाळगतात. १५०० वॉटचा ओटीजी तासभर अखंड तापला तर दीड युनिट, आणि ठरलेलं तापमान गाठल्यावर कांड्या बंद-चालू होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच. प्लगची चौकशी मात्र घेण्याआधी करा. ६ अँपिअरचा साधा प्लग जेमतेम १४०० वॉटपर्यंतचं यंत्र पेलतो. त्यापुढे १६ अँपिअरचा पॉवर प्लग लागतो, आणि तो ओट्यावर बहुधा एकच असतो. एक्स्टेंशन बोर्डावर ओव्हन लावू नका.

ओटीजीसोबत आत ठेवायचा तापमापक जरूर घ्या, काही शे रुपयांत मिळतो. खुंटीवरचा आकडा आणि आतली खरी आच यांत वीस अंशांचा फरक असणं नवीन यंत्रातही नवलाचं नाही, आणि नानकटाईला वीस अंश खूप झाले. परदेशी पाककृती वापरणार असाल तर तिथला ३५० हा आकडा फॅरनहाइटमधला असतो, आपल्या खुंटीवर तो १७५ ते १८० समजायचा.

आणि भट्टीवर जायचं ठरलं तर वसुबारसेच्या निदान आठ दिवस आधी नंबर लावून ठेवा, नंतर बेकरीवाला कुणाचंच घेत नाही. डबे मात्र घरून कोरडे पुसून न्या, आणि बिस्किटं पूर्ण गार झाल्याशिवाय झाकणं लावू नका.