कलप चालू ठेवावा की थांबवावा: पन्नाशीनंतरचा हिशेब

आमच्या अमळनेरच्या घरात या प्रश्नाची दोन्ही उत्तरे सध्या एकत्र नांदत आहेत. मी वयाच्या ५६व्या वर्षी कलप लावणे थांबवले. माझे यजमान माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत, त्यांचे बी-बियाण्यांचे दुकान आहे आणि ते दर तिसऱ्या रविवारी न चुकता कलप लावतात. दोघांनाही आपापला निर्णय पटलेला आहे. गेल्या दोन वर्षांत शाळेतल्या सहकारी शिक्षिकांनी, माहेरच्या भावजयांनी आणि शेजारणींनी “सोडू का हो ताई?” असे इतक्यांदा विचारले, की दोन्ही बाजू एकदा नीट समोरासमोर मांडाव्यात असे वाटले.

सर्वांना मी आधी एकच गोष्ट सांगते. अडतिसाव्या वर्षीचा कलप आणि सत्तावन्नाव्या वर्षीचा कलप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो आणि हा वेग कलपाने बदलत नाही. डोक्यावर पाचात एक केस पांढरा असतो, तेव्हा मुळाशी उगवलेले पांढरे केस काळ्यांत मिसळून जातात आणि एकदा लावलेला कलप पाच-सहा आठवडे सहज निभावतो. चारात तीन केस पांढरे झाले, की पंधराव्या दिवशीच भांगात पाटीवर खडूने ओढावी तशी रेघ दिसू लागते. पुडी तीच, मेहनत दुप्पट आणि समाधान अर्धे, अशी ती अवस्था असते. त्यात पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी गेल्यावर, अनेकींचे केस विरळ होतात. गडद काळ्या रंगाखाली टाळूची फिकट त्वचा उठून दिसते, त्यामुळे विरळपणा झाकण्याऐवजी अधिक जाणवतो. पांढऱ्या किंवा करड्या केसांत टाळू तितकी डोळ्यांत भरत नाही. म्हणून वय मोजण्यापेक्षा आपले किती केस पांढरे झाले आहेत ते मोजावे, असे माझे मत आहे. दोन महिने रंग न लावता, दिवसाउजेडी, आरशासमोर भांग तीन ठिकाणी पाडून पाहिल्याशिवाय हा अंदाज येत नाही, कारण वर्षानुवर्षे रंगवणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोक्याचा खरा रंगच ठाऊक नसतो.

पैशांचा आणि वेळेचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. दर तीन आठवड्यांनी म्हणजे वर्षातून १७ वेळा. शेवटच्या वर्षी मी पार्लरमध्ये केवळ मुळे रंगवण्याचे एका वेळेला ८०० रुपये देत होते. वर्षाचे १३,६०० झाले. यजमान घरीच लावतात, त्यांचा खर्च याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही, मात्र दर वेळी कालवणे, लावणे, थांबणे, धुणे आणि मोरीतले डाग घासणे यांत दीड तास जातो. केस पांढरे ठेवणेही पूर्ण फुकट नाही; नियमित कापून आकारात ठेवले नाहीत तर ते अस्ताव्यस्त दिसतात.

खरा विचार करायला हवा तो त्वचेचा, आणि इथे मी थोडी थांबणार आहे. कायम टिकणाऱ्या बहुतेक गडद रंगांत पॅराफिनिलीनडायअमाइन म्हणजेच पीपीडी हे द्रव्य किंवा त्याचे जवळचे भाऊबंद असतात. हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याचा संयोग होऊन केसाच्या आत रंग तयार होतो, म्हणूनच तो धुतला जात नाही. हेच द्रव्य काहींच्या त्वचेला सोसत नाही. यातली फसवी बाब अशी, की दहा-पंधरा वर्षे काहीही न होता अचानक एखाद्या खेपेला ॲलर्जी सुरू होऊ शकते, आणि एकदा सुरू झाली की सहसा जन्माची सोबत करते. चोपड्याच्या माझ्या नणंदबाईंचे तसेच झाले. भाच्याच्या हळदीच्या आदल्या दिवशी त्यांनी ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणारी पूड लावली. हळदीच्या दिवशी कानामागे खाज आली, लग्नाच्या सकाळी कपाळ सुजले, आणि सप्तपदीच्या वेळी त्यांच्या पापण्या इतक्या फुगल्या होत्या की डोळे जेमतेम उघडत होते. मेंदी म्हटल्यावर त्रास होणार नाही असे त्यांनी गृहीत धरले होते. त्वचारोगतज्ज्ञांनी त्यांना पुडीच्या पाठीमागचे बारीक अक्षर वाचून दाखवले; त्यात पीपीडी होते. शुद्ध मेंदीचा रंग केशरी-तांबडा असतो. जी मेंदी अर्ध्या तासात पांढरे केस कुळकुळीत काळे करते, तिच्यात दुसरे काहीतरी मिसळलेले आहे असे समजूनच चालावे. ‘अमोनियामुक्त’ या शब्दाचाही असाच गैरसमज होतो. अमोनिया नसल्याने उग्र वास कमी होतो, परंतु पीपीडी त्यातही असू शकते.

आपल्या देशात पीपीडी असलेल्या रंगाच्या वेष्टनावर, आधी चाचणी घ्यावी आणि भुवया-पापण्यांना लावू नये, कारण त्याने अंधत्व येऊ शकते, असा इशारा छापणे नियमानेच बंधनकारक आहे. ही चाचणी म्हणजे कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस, पुडीवर सांगितल्याप्रमाणे, थोडासा रंग लावून ४८ तास वाट पाहणे. कलप चालू ठेवणाऱ्यांनी ती दर खेपेला घ्यावी, निदान नवी पुडी आणल्यावर तरी चुकवू नये. आमच्या घरी शुक्रवारी चाचणी आणि रविवारी कलप असा क्रम ठरला आहे. यजमानांनी मिशीला लावणे मात्र सोडले, कारण ओठावरची त्वचा नाजूक असते आणि ती दोनदा चुरचुरली. आणखी एक सांगणे अगत्याचे आहे. हा कलप पोटात गेला तर मान व घसा सुजून श्वास अडकू शकतो आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. नातवंडे असलेल्या घरात त्याची जागा कुलपातच हवी.

कर्करोगाची भीती अनेकींच्या मनात असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सलूनमध्ये रोज हे काम करणाऱ्यांच्या बाबतीत धोका ‘संभाव्य’ मानला आहे. स्वतःपुरता रंग लावणाऱ्यांच्या बाबतीत मात्र ठाम वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १,१७,२०० अमेरिकन परिचारिकांची ३६ वर्षे पाहणी केली गेली. बहुतेक कर्करोगांचा धोका वाढलेला दिसला नाही; स्तनाच्या काही प्रकारच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी किंचित संबंध आढळला. त्या स्त्रिया बहुतांशी गोऱ्या वंशाच्या होत्या, त्यामुळे तो निष्कर्ष आपल्याला जसाच्या तसा लावता येत नाही. केवळ या भीतीने आज घाईघाईने कलप टाकून द्यावा असे मला वाटत नाही, पण महिन्यातून दोनदा लावण्याची सवय कमी करायला हे कारण पुरेसे आहे.

मधला मार्ग मेंदीचा. शुद्ध मेंदी केसातल्या केराटिन या प्रथिनाला चिकटते आणि केसाला जाडी देते. तिच्यावर दुसऱ्या टप्प्यात निळीच्या पानांची पूड लावली तर रंग तपकिरी-काळा होतो. ज्यांना पीपीडी सोसत नाही त्यांना हा पर्याय आहे, तरीही चाचणी घ्यावीच. अडचणी दोन. दोन्ही टप्पे मिळून अख्खी दुपार जाते, आणि मेंदीचा रंग पुढे उतरवता येत नाही. नको झाला तर वाढवून कापणे एवढेच उरते. केस पांढरे ठेवायचे मनात असेल तर मध्ये मेंदीला हात लावू नये, हे मी माझ्या धाकट्या बहिणीचे दोन वर्षे टिकलेले केशरी शेंडे पाहून सांगते.

आता थांबवण्याच्या बाजूचे सर्वांत अवघड प्रकरण, म्हणजे मधला काळ. इथे पुरुषांचे आणि स्त्रियांचे गणित अगदी वेगळे आहे. यजमानांचे केस चार सेंटीमीटरचे. त्यांनी मनात आणले तर तीन-चार महिन्यांत, दोन-तीन कटिंगमध्ये विषय संपतो. माझी वेणी कमरेच्या वर होती. ती पूर्ण पांढरी व्हायला चार वर्षे लागली असती, म्हणून मी टप्प्याटप्प्याने खांद्यापर्यंत कापली आणि दोन वर्षांत मोकळी झाले. चौथा ते आठवा महिना सर्वांत कठीण असतो. त्या काळात केस अर्धे पांढरे, अर्धे विटक्या तांबूस रंगाचे दिसतात आणि भेटेल तो प्रकृतीची चौकशी करतो. मी आषाढात थांबवले आणि श्रावणात कानबाई या आमच्या खानदेशी देवीच्या रोटांच्या सणाला भावकीत गेले, तेव्हा भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर पांढरे होते. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी पदर सारून पाहिले आणि विचारले, “काय वं माय, आजारी शे का तू?” त्यांच्या विचारण्यात काळजीच होती, तरी त्या रात्री कलपाची पुडी मी दोनदा हातात घेतली.

तरीही आषाढाची निवड चांगली ठरली, हे इतरांना मुद्दाम सांगते. आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंत आपल्याकडे लग्नकार्ये नसतात. फोटो, व्याही-विहिणी आणि दोनशे माणसांच्या नजरा यांपासून चार महिने उसंत मिळते आणि तेवढ्यात चार-पाच सेंटीमीटर केस वाढतात. घरात मुलाचे किंवा मुलीचे लग्न ठरलेले असेल तर त्या वर्षी थांबवूच नये, असे मी स्पष्ट सांगते. आयुष्यभर राहणाऱ्या फोटोत स्वतःला ओळखीचे दिसावे, ही इच्छा साधी आणि रास्त आहे.

पांढऱ्या केसांची निगा आपल्या भागात जरा जास्त लागते. त्यांना रंगद्रव्याचे संरक्षण नसते आणि वयानुसार टाळूचे तेलही कमी सुटते, म्हणून ते राठ लागतात. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जातो. त्या उन्हात, बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात आणि रोजच्या तेलात पांढरे केस पिवळट पडतात. डोक्याला रुमाल किंवा स्कार्फ, धुण्याच्या आदल्या रात्रीपुरतेच तेल, आणि पिवळेपणा घालवणारा जांभळा शाम्पू आठवड्यातून एकदा, एवढ्यावर माझे भागते. उन्हाळ्याचा त्रास रंगवलेल्या केसांनाही होतोच: रंग लवकर विटतो आणि घामेजलेल्या टाळूवर कलप अधिक झोंबतो.

लोकांचे काय, हा प्रश्न शेवटी येतोच. धुळ्याच्या बसमध्ये कंडक्टर मला ‘ताई’ म्हणायचे ते ‘आजी’ म्हणू लागले, आणि पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाईट वाटले. शाळेत मात्र चौथीतल्या मुलींनी दोन दिवस निरखून पाहिले आणि नंतर विसरून गेल्या. दुकानात बसणाऱ्या, गिऱ्हाइकाशी रोज गाठ पडणाऱ्या, साठीतही काम मिळवावे लागणाऱ्या माणसाला तरतरीत दिसण्याची गरज खरी असते आणि तिला कमी लेखण्याचा हक्क कोणाला नाही. यजमान म्हणतात, काळ्या केसांनी त्यांना सकाळी शटर उघडताना हुरूप येतो. मला ते पटते.

माझा कौल विचाराल तर असा आहे. एकदा जरी सूज, फोड किंवा सतत खाज आली असेल तर पीपीडीचा कलप त्याच दिवशी बंद करावा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेला पट्ट्या लावून करायची ॲलर्जीची तपासणी, करून घ्यावी. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. पंचविशीच्या आतच केस भराभर पिकत असतील तर रंगाआधी बी-१२ आणि थायरॉइड तपासावे. एक तृतीयांशापेक्षा कमी केस पांढरे असतील, त्वचेला त्रास नसेल आणि काळे केस आवडत असतील, तर खुशाल चालू ठेवावा. मात्र कुळकुळीत काळ्याऐवजी एक-दोन छटा फिकट, गडद तपकिरी निवडावा, म्हणजे मुळांची रेघ उशिरा दिसते आणि वयाच्या चेहऱ्याला तो रंग शोभतो. दोन तृतीयांशांहून अधिक पांढरे असतील आणि पंधरा दिवसांत पुन्हा बसावे लागत असेल, तर थांबवण्याचा मी आग्रह धरेन. या दोन्हींच्या मधल्यांनी येत्या आषाढीपासून कार्तिकीपर्यंत काहीच लावू नये. कार्तिकीला आरशात पाहून नकोसे वाटले, तर कलप एका रविवारी पुन्हा लावता येतो.