विश्रामबागेतील 'शुद्ध' कॉफीची चार पाकिटे

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानावर मी ३१ वर्षे हिशेबनीस होतो. सौद्याला आलेले राजापुरी हळकुंड मोडून, आतला गाभा पाहून मालाची पारख करणारी माणसे रोज डोळ्यांसमोर होती आणि त्यातले थोडेफार ज्ञान आपल्यातही उतरले आहे, असा माझा समज होता. त्यामुळे ही हकीकत सांगताना संकोच वाटतो; पण सांगलीतल्याच विश्रामबागेतील ज्या कॉफीच्या दुकानात ती घडली, तेथे माझ्या वयाची बरीच मंडळी जातात, म्हणून लिहितो आहे.

विश्रामबाग परिसरात गेल्या वर्षी एक नवे कॉफीचे दुकान सुरू झाले. दर्शनी भाग सगळा काचेचा, आत मंद पिवळे दिवे आणि एका कपाला १८० रुपये. सकाळचे फिरणे आटोपून आम्ही तिघे मित्र आठवड्यातून एकदा तेथे बसू लागलो. कॉफी उत्तम असे, हे आधीच नोंदवतो, कारण फसवणुकीचे मर्म त्यातच होते. काळा एप्रन घातलेला मुलगा आमच्यासमोर बिया दळत असे, दळताना चिकमगळूरच्या मळ्यांविषयी बोलत असे आणि तेथील अरेबिका जातीच्या कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचे सांगत असे. ही माहिती खरी आहे. आपल्या सांगलीच्या हळदीला तेच मानांकन त्याच्या आदल्या वर्षी मिळालेले असल्यामुळे मला त्या मुलाविषयी उगाचच आपुलकी वाटू लागली.

महिन्याभराने त्याने घरी नेण्याच्या पुडीचा विषय काढला. पाव किलोचे पाकीट ६०० रुपयांना, आणि चार घेतल्यास पुढचे दोन महिने दुकानातील प्रत्येक कप निम्म्या किमतीत. "माझ्यासमोर दळून द्या," असे मी म्हणालो होतो, एवढे शहाणपण मला सुचले होते. त्यावर तो म्हणाला, "काका, ही चक्की मशीनच्या कॉफीसाठी बारीक लावलेली असते, घरच्या फिल्टरला जाड दळण लागते, ते आम्ही सकाळीच करून ठेवतो." दळणाच्या जाडीतला हा फरक खरोखरच असतो, त्यामुळे मला पुढे बोलायला जागा राहिली नाही. मी २,४०० रुपये आणि वर 'पाच टक्के जीएसटी' म्हणून १२० रुपये दिले. हातात तपकिरी कागदाची चार पाकिटे आली. त्यांवर दुकानाचा शिक्का आणि शाईने लिहिलेला 'अरेबिका' हा शब्द, याखेरीज काहीही नव्हते.

बंगळूरूला नोकरी करणारी माझी भाची गणपतीत घरी आली, तेव्हा उलगडा झाला. पहिलाच घोट घेऊन तिने कप खाली ठेवला आणि एका काचेच्या ग्लासात गार पाणी मागितले. पाण्यावर चमचाभर पूड भुरभुरली. थोडी पूड वर तरंगत राहिली आणि बाकीची काही क्षणांतच तपकिरी रेघा ओढत तळाला गेली. कॉफीची पूड काही वेळ तरंगते. कॉफीत मिसळल्या जाणाऱ्या चिकोरी या वनस्पतीच्या भाजलेल्या मुळाची पूड मात्र रंग सोडत लगेच बुडते. (इन्स्टंट कॉफीला ही परीक्षा लागू नाही, ती विरघळतेच.) चिकोरी हे काही विष नाही, दक्षिणेत तर अनेकजण आवडीने ती मिसळतात. पण मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली पाहिजे आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापले पाहिजे, असा नियम आहे. मी चिकोरीसाठी अरेबिकाचा भाव मोजला होता.

मग मी बिल काढून पाहिले, आणि येथे मला स्वतःचाच अधिक राग आला. आयुष्यभर बिले तपासलेल्या माणसाने ते न वाचताच खिशात घातले होते. त्यावर 'कॉफी – ४' एवढीच नोंद होती. जीएसटी क्रमांक नव्हता, म्हणजे कर घेण्याचा अधिकार दाखवणारे काहीच नव्हते. छोट्या व्यापाऱ्यांसाठी असलेल्या जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतील दुकानदारालाही ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही. बिलावर १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक असलेला १४ अंकी अन्न परवाना क्रमांकही नव्हता. शुद्ध अरेबिका विकल्याचा लेखी पुरावा माझ्याकडे कोणताच नव्हता.

दुकानात गेलो तेव्हा मालक नम्रपणे बोलला. चिकोरी नैसर्गिक असते, फिल्टर कॉफीत ती असतेच, आपण मिश्रणच मागितले असेल, असे सांगून त्याने आमच्यापुढे दोन कप फुकट ठेवले. न फोडलेली दोन पाकिटे परत घेण्यास मात्र नकार दिला. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि पूड तपासून घेण्याच्या विचाराला लागलो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या कलम ४० नुसार ग्राहकाला शुल्क भरून पदार्थाची तपासणी करून घेता येते, आणि अहवाल विक्रेत्याच्या विरुद्ध गेला तर ते शुल्क परत मिळते. अडचण एवढीच की तपासणी करून घेणार असल्याचे विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावे लागते. म्हणजे घरातील पाकिटे त्या कामाला निरुपयोगी ठरली.

म्हणून गेल्या सोमवारी मी भाचीला सोबत घेऊन पुन्हा गेलो आणि त्या मुलाला स्पष्ट सांगितले, "एक पाकीट द्या, पक्के बिल द्या, त्यावर शुद्ध अरेबिका असे लिहा, आणि हे पाकीट मी तपासणीला पाठवणार आहे." मुलाने मालकाकडे पाहिले. मालक म्हणाला की फिल्टरची पूड सध्या संपली आहे, पुढचा माल कधी येईल ते सांगता येत नाही. त्याच्या पाठीमागच्या फळीवर तपकिरी पाकिटांची एक अख्खी रांग लावलेली होती.